तोल जातो तो दारूनेच असे नाही



आपल्या गावाकडे एखादा माणूस रस्त्याने झोकांड्या खात चालला, की त्याचे निदान करायला डॉक्टर लागत नाही. पारावर बसलेला पहिलाच माणूस सांगतो, "टाकून आलेला दिसतो." बाईमाणूस लटपटली तर अशक्तपणा, म्हातारे माणूस अडखळले तर वय झाले, आणि तरणाताठा मुलगा अचानक भेलकांडू लागला तर काहीतरी बाधा आहे, भगताला दाखवा. या चार उत्तरांवर आपण मोकळे होतो. पाचवे उत्तर कुणी शोधत नाही. ते असे, की तोंडावाटे, श्वासावाटे किंवा कातडीतून शरीरात गेलेल्या एखाद्या पदार्थाने त्या माणसाच्या लहान मेंदूला इजा केली असेल. हे वेळेत ओळखले तर पुष्कळदा माणूस पुन्हा सरळ चालू लागतो. उशीर झाला तर तो अधूपणा जन्माचा सोबती होतो. म्हणून आज भाताच्या आणि काजूच्या गोष्टी बाजूला ठेवून याविषयी लिहितो आहे.

मी डॉक्टर नव्हे. शेतीशास्त्राची पदवी घेऊन शेतीखात्यात उमेद घालवलेला माणूस आहे. पण एक गोष्ट माझ्या कामाशी थेट जोडलेली आहे. आपण फवारणीच्या विषालाही 'औषध' म्हणतो आणि दवाखान्यातल्या गोळीलाही 'औषध'च म्हणतो. "आज कलमांना औषध मारले", "आज आजीला औषध दिले", दोन्हीकडे शब्द एकच. त्यामुळे दोन चुका होतात. शेतातल्या विषाची भीती वाटेनाशी होते आणि दवाखान्यातली गोळीही प्रमाणाबाहेर गेली तर विषासारखी वागते, हे ध्यानात येत नाही.

आधी लहान मेंदू म्हणजे काय ते पाहू. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, मोठ्या मेंदूच्या खाली तो असतो. वजनाने साऱ्या मेंदूच्या साधारण दहावा हिस्सा. पण मेंदूतल्या निम्म्याहून अधिक मज्जापेशी एवढ्याशा जागेत दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्याचे काम काय? नांगरणीचे उदाहरण घ्या. नांगर ओढायची ताकद बैलांची. पण तास सरळ पडतो तो रुमण्यावर ठेवलेल्या हातामुळे. बैल कितीही दांडगे असोत, रुमण्यावरचा हात सुटला की नांगर वेडावाकडा जाणारच. आपले हातपाय हे बैल आणि लहान मेंदू हा रुमण्यावरचा हात. पाऊल किती लांब टाकायचे, घास तोंडाशी कुठे थांबवायचा, जीभ कशी वळवायची, हे सारे तो क्षणोक्षणी जुळवत असतो. तो बिघडला की अंगात ताकद असूनही मेळ राहत नाही. या मेळ सुटण्यालाच डॉक्टर मंडळी 'अटॅक्सिया' म्हणतात.

लहान मेंदूत पुरकिंजे पेशी नावाच्या मोठ्या पेशी आहेत. १८३७ साली त्या पहिल्यांदा दाखवून देणाऱ्या पुरकिंजे या चेक शास्त्रज्ञाचे नाव त्यांना मिळाले. त्या कामाला वाकबगार, पण फार नाजूक. दारू, पारा आणि काही औषधे यांचा मारा त्यांना सोसत नाही. आणि एकदा मेलेली पेशी, कापलेल्या गवतासारखी पुन्हा फुटत नाही. म्हणून पेशी नुसती गुंगली आहे तोवरच धावपळ करायची असते.

घरच्या घरी संशय कसा यावा? अशा माणसाचे पाय चालताना फाकलेले पडतात. बांधावरून टाचेला बोट लावत सरळ चालायला सांगा, त्याला चार पावलेही नीट टाकता येत नाहीत. रोज पार करायच्या साकवाची त्याला अचानक भीती वाटू लागते. चहाचा कप तोंडाशी नेताना हिंदकळतो, सदऱ्याचे बटण लागत नाही, बोलणे जड आणि तुटक होते. डोळे एका बाजूला वळवले तर बुबुळे हिसके देतात. दारूचा वास नाही, हातापायांत जोर आहे आणि तरीही हे सारे आहे, तर समजावे की प्रश्न लहान मेंदूचा असू शकतो. मात्र एक लक्षात ठेवा. हे सारे एकाएकी, तासाभरात सुरू झाले, सोबत जोराची डोकेदुखी, उलटी, तोंड वाकडे होणे किंवा एक बाजू लुळी पडणे असेल, तर मेंदूतला रक्तपुरवठा अडला असण्याची किंवा रक्तस्राव झाला असण्याची शक्यता असते. तिथे विचार करत बसू नये. १०८ ला फोन करून सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

आता दवाखान्यातल्या औषधांकडे येऊ, कारण या बाबतीत मी डोळ्यांनी पाहिलेले सांगू शकतो. काही वर्षांपूर्वी खेड तालुक्यातल्या एका वाडीत भात बियाण्याचे प्रात्यक्षिक होते. मिठाच्या पाण्यात बियाणे टाकून पोचट दाणे कसे काढायचे ते दाखवत होतो. पंचेचाळिशीचा एक शेतकरी उशिरा आला. अंगणाच्या पायरीवर त्याचा तोल गेला आणि बादली कलंडली. माणसे हसली. कुणी तरी म्हणाले, "सकाळीच झाली वाटतं पूजा!" तो काही बोलायला गेला, पण जीभ वळेना, त्यामुळे हशा आणखी वाढला. तेवढ्यात मागून त्याची बायको पुढे झाली. डोळ्यांत पाणी होते, पण आवाज करडा होता. म्हणाली, "सायेब, आमच्या घरात थेंब येत नाय. महिनाभर असंच चाललंय. सगळी हसतात, कोण इचारत नाय."

कार्यक्रम उरकल्यावर त्यांच्या घरी गेलो. तिने फडताळातून पिशवी काढली आणि गोळ्या ओट्यावर मांडल्या. नवऱ्याला लहानपणापासून आकडी येई, त्यासाठी फेनिटोइनच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू होत्या. दोन महिन्यांपूर्वी त्याला क्षय निघाला आणि दुसऱ्या ठिकाणाहून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. आकडीच्या डॉक्टरांना क्षयाचे ठाऊक नव्हते, क्षयाच्या गोळ्या देणाऱ्यांना आकडीचे कुणी सांगितले नव्हते. मी एवढेच म्हटले, की एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि उद्याच्या उद्या ही सारी पिशवी डॉक्टरांपुढे ओता. त्यांनी तसे केले. डॉक्टरांनी रक्तातले फेनिटोइन तपासले, ते फार वाढलेले निघाले. आकडीच्या गोळीचे प्रमाण त्यांनी बसवून दिले, क्षयाचा उपचार चालूच ठेवला. लावणीच्या दिवसांत तो माणूस डोक्यावर रोपांच्या मुठी घेऊन बांधावरून चालताना मला दिसला. हसणारे तेच लोक त्याच्या शेजारी लावणी करत होते.

यातला कार्यकारणभाव समजून घेण्याजोगा आहे. आकडीवर फेनिटोइन लागू पडते हे १९३८ साली मेरिट आणि पटनम या दोन अमेरिकन डॉक्टरांनी दाखवले. स्वस्त आणि गुणकारी औषध, लाखो लोकांचे संसार त्याने सावरले. पण त्याची एक खोड आहे. यकृत त्याचा निचरा ठरावीक वेगानेच करू शकते. आपल्या पावसाळ्यातली रस्त्याखालची मोरी आठवा. पाणी मोरीच्या तोंडाखाली आहे तोवर कितीही आले तरी वाहून जाते. मोरी तुडुंब भरली, की वरून आणखी दोन घागरी आल्या तरी पाणी रस्त्यावर येते. फेनिटोइनचे तसेच. मोरी भरली की गोळी किंचित वाढवली तरी रक्तातले प्रमाण भसकन वर चढते. मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम हे साधारण योग्य प्रमाण. विसाच्या वर गेले की बुबुळे हिसके देऊ लागतात, तिसाच्या वर चाल बिघडते, चाळिसाच्या वर गुंगी येते. क्षयावरची आयसोनायझिड ही गोळी काही जणांच्या शरीरात ही मोरी अर्धवट बुजवते. वेळेत लक्षात आले तर बहुधा सारे पूर्ववत होते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर लहान मेंदू कायमचा आक्रसू शकतो. पण म्हणून आकडीची गोळी एकदम बंद करणे हा त्याहून मोठा घात आहे. एकामागून एक आकड्या येऊन माणूस दगावतो. गोळी बदलायची, कमी करायची, ते डॉक्टरांनीच.

अशी आणखी काही औषधे आहेत. मनाच्या विकारासाठी लिथियम दिले जाते. ते घेणाऱ्याच्या रक्ताची तपासणी ठरल्या वेळी झालीच पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या काढणीत घामाने अंग निथळते, पाणी कमी पडते, त्यात अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळी आणून खाल्ली, की रक्तातले लिथियम वाढते. हात थरथरतात, चाल लटपटते, आणि वेळ गेली तर लहान मेंदूची ती इजा कायमची राहू शकते. जुलाब-आवेवरचे मेट्रोनिडॅझोल आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. डॉक्टरांनी सांगितलेले थोडे दिवस घेतले तर भीती नाही. पण "मागच्या वेळी गुण आला होता" म्हणून आपल्या मनाने आठवडेच्या आठवडे घेणाऱ्याला क्वचित तोल जाण्याचा त्रास होतो. औषध थांबवल्यावर तो बहुतेकदा बरा होतो. आणि घरातले लहान मूल अचानक झोकांड्या देऊ लागले, तर आधी आजीच्या झोपेच्या आणि काकांच्या आकडीच्या गोळ्या मोजून पाहा. पुडीसकट मुलाला दवाखान्यात न्या.

दारूविषयी मी वेगळे प्रवचन देत नाही. एका रात्रीची झिंग सकाळी उतरते. पण वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या लहान मेंदूचा मधला भाग झिजत जातो. तो भाग पायांचा कारभार पाहणारा, म्हणून अशा माणसाचे हात बरे चालतात आणि पाय मात्र न पिताही फाकून पडतात. त्यात दुसरी भर जीवनसत्त्व ब-१ च्या तुटीची. पिणारा माणूस नीट जेवत नाही आणि पोटात गेलेले ब-१ दारू अंगी लागू देत नाही. एक योगायोगाची गोष्ट सांगतो. आपल्या कोकणातला उकडा तांदूळ या बाबतीत पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळापेक्षा सरस. भात उकडताना कोंड्यातले ब-१ दाण्यात उतरते, ते गिरणीत सारे निघून जात नाही. पिणाऱ्या माणसाला उलट्या होऊन तो गोंधळल्यासारखा बोलू लागला, डोळे नीट फिरेनासे झाले आणि चाल गेली, तर "उतरेल सकाळी" म्हणून त्याला ओटीवर झोपवू नका. त्याला त्याच दिवशी ब-१ चे इंजेक्शन लागते. ते चुकले तर स्मरणशक्ती कायमची जाते. आणि दारू सोडून खाणेपिणे सुधारले, तर पुष्कळांची चाल काही महिन्यांत निम्मीशिम्मी तरी सुधारते. बायकामुलांनी आशा सोडू नये.

आता शेतातल्या विषाकडे वळू. यातली सर्वांत दारुण कथा इराकमधली आहे, आणि ती आपल्यासारख्याच शेतकऱ्यांची आहे. दुष्काळानंतर १९७१ साली इराकने परदेशांतून गहू आणि जवाचे बियाणे आणले. त्याला बुरशी लागू नये म्हणून मिथाइल पारा चोळलेला होता. विष ओळखावे म्हणून बियाणे लाल रंगवले होते. पण पोत्यावरच्या सूचना परकी भाषेत, कवटीच्या चित्राचा अर्थ कुणाला कळेना, आणि पुष्कळ ठिकाणी बियाणे पोचले तेव्हा पेरणी उलटून गेली होती. घरात धान्य नव्हते. लोकांनी दाणे धुतले, लाल रंग निघून गेला. रंग गेला म्हणजे विष गेले, असे वाटून त्यांनी त्याच्या भाकरी केल्या. पारा काही धुऊन गेला नव्हता. खाणाऱ्याला लगेच काही झाले नाही, म्हणून आठवडेच्या आठवडे तेच धान्य पोटात गेले. मग हातापायांना मुंग्या आल्या, चाल सुटली, बोलणे तुटले, नजर आकसली. साडेसहा हजारांवर माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि रुग्णालयांतच ४५९ दगावली.

त्याआधी जपानमध्ये मिनामाटा येथे असेच घडले होते. एका रसायन कारखान्याचे पारायुक्त पाणी खाडीत जाई, तिथली मासळी कोळ्यांच्या घरी रांधली जाई. आधी मासळी खाणारी मांजरे वेडीवाकडी नाचू लागली, मग १९५६ साली माणसांचे आजारपण अधिकृतपणे नोंदले गेले. कोळ्यांच्या मुलांना चालता येईना, घास तोंडात घालता येईना. कारखान्याने ती प्रक्रिया बंद केली ती १९६८ साली. आपण मासे खाणारी माणसे. ऐकून पोटात गोळा येणे साहजिक आहे. पण बांगडा, तारली यांसारख्या लहान, झटपट वाढणाऱ्या मासळीत पारा कमी साठतो. दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशांत, मोरीसारख्यांत, तो जास्त साठतो. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी मोठे मासे बेताने खावेत, एवढे पाळले तर पुरे.

पारायुक्त बीजप्रक्रियेची औषधे एके काळी आपल्या देशातही सर्रास वापरात होती. टप्प्याटप्प्याने ती बाद झाली. मेथॉक्सी एथिल मर्क्युरी क्लोराइड या राहिलेल्या औषधावरही केंद्र सरकारने २०१८ साली बंदी घातली. पण इराकचा धडा जुना झालेला नाही. आजही प्रक्रिया केलेले बियाणे रंगवलेले येते आणि ते खाण्यासाठी, चाऱ्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नये असे पाकिटावर छापलेले असते. लावणी झाल्यावर उरलेले दोन किलो बियाणे धुऊन कोंबड्यांना टाकायचा किंवा दळायचा मोह धरू नका. रंग धुतला जातो, विष धुतले जात नाही. माळ्यावर एखादी जुनी, लेबल निघालेली पुडी असेल तर ती उघडूनही पाहू नका. फोरेट, डायक्लोरव्हॉस यांसारखी पूर्वीची ओळखीची कीटकनाशकेही २०२० सालअखेर बंद झाली आहेत.

फवारणीच्या विषाबद्दल महाराष्ट्राने २०१७ साली मोठी किंमत मोजली. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. पुरुषभर वाढलेली कपाशी, कोंदट उकाडा, दोन-तीन विषांचे मिश्रण आणि उघडे अंग, असे सारे एकत्र आले. आपल्याकडे कपाशी नाही, पण मोहराच्या वेळी हापूसच्या बागेत मान वर करून फवारताना तुषार तोंडावरच पडतात. ऑरगॅनोफॉस्फरस गटातल्या विषाने घाम, लाळ, उलटी होते, छाती भरते, डोळ्यांची बाहुली मोहरीएवढी होते आणि माणूस झिंगल्यासारखा चालतो. अशा वेळी "उन्ह लागले" किंवा "घेतली असेल" म्हणणे म्हणजे त्याचा जीव घेणे. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, उलटी करवू नका आणि विषाच्या डब्याचे लेबल घेऊन रुग्णालय गाठा. बरा होऊन घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पायांत कमजोरी आली, तरी पुन्हा डॉक्टरांकडे जा. हे दुखणे बहुधा पायाकडे जाणाऱ्या लांब मज्जातंतूंचे असते. लहान मेंदूचा तोल काही दिवसांनी गेल्याची उदाहरणेही वैद्यांनी क्वचित नोंदली आहेत. यातले काय झाले आहे, ते ठरवणे त्यांचे काम.

रंगकाम करणाऱ्या आणि कारखान्यात कामाला जाणाऱ्या तरुणांनीही थिनरसारख्या द्रावणांच्या वाफेला जपावे. त्यातले टोल्युइन रोज बंद खोलीत छातीत भरून घेतले तर लहान मेंदूवर घाला घालते. गंमत म्हणून थिनर किंवा गोंद हुंगणाऱ्या मुलांची चाल तर ऐन उमेदीत जाते.

तर मंडळी, करायचे काय? प्रत्येक घरात एक कापडी पिशवी ठेवा. घरातल्या ज्या माणसाला गोळ्या चालू आहेत, त्याच्या सगळ्या गोळ्या आणि सगळ्या चिठ्ठ्या त्या पिशवीत राहू द्या. कोणत्याही डॉक्टरकडे, कोणत्याही दुखण्यासाठी गेलात तरी ती पिशवी बरोबर न्या. दातासाठी गेलात तरी न्या. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने दिलेल्या गोळ्याही त्यातच टाका. शेतातली विषे कुलुपात, स्वयंपाकघरापासून दूर आणि मूळ डब्यातच ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नका. आणि निदान आपल्या घरापुरते तरी दोन शब्द वेगळे करा. माणसाला देतो ते औषध, किडीवर मारतो ते विष.

कुणाचा तोल जाताना दिसला, तर हसण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कोणती नवी गोळी सुरू झाली? कोणत्या विषाशी संबंध आला? पोटात काय वेगळे गेले? उत्तरे मिळाली की त्याला डॉक्टरांकडे न्यायला दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आपल्या वाडीत असा एखादा माणूस असेल, आज ज्याच्याकडे लोक बोट दाखवतात, तर हा अंक वाचून झाल्यावर त्याच्या घरी जा आणि त्याच्या घरच्यांना गोळ्यांची पिशवी बाहेर काढायला सांगा.